सात आठवड्यांची जत्रा

गेल्या वर्षी याच स्मरणिकेत आम्ही इंदूरच्या जुन्या बावड्यांवर लिहिले होते. त्यामुळे यंदा संपादकांना फोनवर विषय सांगितला तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. "मोबाईलवरचा खेळ? आणि तोही न्यूयॉर्कच्या कंपनीचा? अहो, आपल्याकडे हे वाचणार कोण?" आम्ही म्हटले, ज्यांच्या घरात पंचविशीच्या आतबाहेरचे मूल आहे ते सगळे वाचतील. त्यावर त्यांनी शब्दमर्यादा सांगितली आणि फोन ठेवला.

निमित्त असे झाले. आमचा भाचा पुण्यात असतो. संगणकाचे शिक्षण, बऱ्या कंपनीत तीन वर्षांची नोकरी. जानेवारीत त्याला एका नव्या गेम कंपनीचे बोलावणे आले. पगार आत्तापेक्षा थोडा कमी, पण वर कंपनीचे शेअर. ही मुले त्याला ईसॉप म्हणतात. लगेच बहिणीचा फोन, "दादा, तू समजाव त्याला. खेळ हा काय धंदा झाला?" मग भाच्याचा फोन, "मामा, समजावू नकोस, नुसतं सांग. ह्यात पैसा बुडतो तो नेमका कसा?" प्रश्न चांगला होता. आम्ही पडलो लोक निर्माण विभागातले डिप्लोमावाले उपयंत्री. सिमेंटमध्ये रेती किती घालायची ते कळते, शेअर कळत नाहीत. पण उत्तर शोधताना एक जुना खेळ आठवला, जो आम्ही स्वतः खेळलो होतो. त्याच्या कंपनीची हकिकत मिळेल तिथून वाचून काढली, तीच येथे देत आहोत.

कंपनीची सुरुवात २००६ साली न्यूयॉर्कमध्ये झाली, आणि ती खेळांसाठी नव्हतीच. चार्ल्स फोरमन नावाच्या तरुणाने एक संकेतस्थळ काढले, नाव 'आयम इन लाइक विथ यू'. तरुण मुलामुलींनी एकमेकांशी ओळख वाढवावी, त्यासाठी गुणांची बोली लावावी, असा काहीसा प्रकार. म्हणजे स्वयंवरच, फक्त धनुष्य नाही. कॅलिफोर्नियात वाय कॉम्बिनेटर नावाची एक तालीम आहे. ती नवख्या कंपन्यांना थोडे भांडवल देते, तीन महिने घासूनपुसून घेते आणि मोठ्या पैसेवाल्यांपुढे उभी करते. २००७ च्या सुरुवातीला फोरमन यांची कंपनी त्या तालमीत होती. पुढे दिसून आले की लोक तेथे येतात ते ओळखीसाठी कमी आणि तेथे ठेवलेले छोटे खेळ खेळायला जास्त. तेव्हा कंपनीने ओळखीपाळखीचा भाग मागे टाकला, खेळ पुढे घेतले आणि २००९ मध्ये नवे नाव घेतले, 'ओएमजीपॉप'. 'ओएमजी' म्हणजे आपले 'अगं बाई!' आणि 'पॉप' म्हणजे फुगा फुटल्याचा आवाज. नाव ठेवणाऱ्याला पुढचे सगळे दिसत होते की काय, असे आता वाटते.

भांडवल कोणाचे होते हे येथेच सांगितले पाहिजे, कारण भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. स्पार्क कॅपिटल, बेसेमर यांसारख्या साहस भांडवल पुरवणाऱ्या संस्थांनी आणि काही श्रीमंत व्यक्तींनी मिळून कंपनीत सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर घातले. हे कर्ज नव्हे. आपली सहकारी पतपेढी कर्ज देते तेव्हा तिला दरमहा हप्ता हवा असतो. तुमचे दुकान लहानच राहिले तरी तिची तक्रार नसते. साहस भांडवलाचे गणित उलटे. तो पैसाही त्यांचा स्वतःचा नसतो; निवृत्तिवेतन निधी, विद्यापीठांच्या ठेवी, श्रीमंत घराणी यांच्याकडून गोळा केलेला असतो. तो वीस-पंचवीस कंपन्यांत घालायचा, त्यांतल्या बहुतेक बुडणार हे धरून चालायचे, आणि एखादी वीसपट-पन्नासपट झाली की बाकीच्यांचे नुकसान तिच्यातून भरून काढायचे. अशा हिशेबात बरी चाललेली कंपनी निरुपयोगी असते. महिन्याचे महिन्याला भागते, चाळीस घरे चालतात, मालक समाधानी आहे, याला पुण्यात किंवा इंदुरात धंदा म्हणतात. त्या जगात याला अडकलेला पैसा म्हणतात.

आणि खेळाचा धंदा मुळातच नाटक कंपनीसारखा. नाटक चालले तर कंपनी, नाही चालले तर बिऱ्हाड पाठीवर. ओएमजीपॉपने सहा वर्षांत तिसाहून जास्त खेळ काढले. 'बलूनो', 'ब्लॉकल्स', 'ड्रॉ माय थिंग' ही त्यांतली काही नावे. यांना खेळणारे होते, काही तर भक्तच होते, पण ते सगळे संगणकाच्या पडद्यावर. इकडे जग सरकत होते. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये त्यावर खेळ विकायचे दुकान उघडले, आणि दुसरीकडे फेसबुकवर 'फार्मव्हिल'सारख्या खेळांनी कोट्यवधी माणसे शेतीला लावली. (आमच्या कार्यालयातला एक सहकारी भर दुपारी भोपळ्याचे पीक काढायला उठून जात असे, घरी त्याच्या कुंडीत तुळस जगत नव्हती.) ओएमजीपॉपने फेसबुकवर जाऊन पाहिले, जमले नाही. २०११ सरत आले तेव्हा पैसा संपत आला होता, आणि पैसेवाल्यांच्या दृष्टीने ही त्या बुडणाऱ्या बहुतेकांपैकीच एक होती.

कंपनीचा कारभार तेव्हा डॅन पोर्टर यांच्याकडे होता. फोरमन रोजच्या कामातून बाहेर पडले होते. पोर्टर हे मूळचे संगणकवाले नव्हेत. गरीब वस्त्यांतल्या शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या 'टीच फॉर अमेरिका' या संस्थेचे ते एके काळी अध्यक्ष होते, नंतर तिकीटविक्रीची एक कंपनी त्यांनी चालवून विकली होती. त्यांच्या चमूने शेवटचा प्रयत्न म्हणून जुन्या 'ड्रॉ माय थिंग'ला मोबाईलसाठी नव्याने घडवले. १ फेब्रुवारी २०१२ रोजी तो 'ड्रॉ समथिंग' या नावाने बाहेर पडला.

खेळ किती साधा होता! तुम्हाला तीन शब्द दाखवणार, सोपा, मध्यम, कठीण. एक निवडायचा आणि बोटाने चित्र काढायचे. ते चित्र समोरच्याला जायचे, पण तयार चित्र नव्हे, तर एकेक रेघ तुम्ही जशी काढली तशी. चुकलात, पुसलेत, पुन्हा काढलेत, तेही त्याला दिसायचे. खाली बारा सुटी अक्षरे, त्यांतून शब्द जुळवायचा. ओळखला तर दोघांनाही नाणी मिळायची, कारण दोघे एकाच बाजूला. कोणी हरत नसे. लहानपणी चेंडू झेलाझेली खेळताना 'न पाडता शंभर करू' असे ठरवायचो, तसा हा खेळ. घड्याळाची घाई नाही. तुम्ही सकाळी चित्र काढावे, समोरच्याने रात्री जेवण झाल्यावर ओळखावे.

आम्ही त्या वर्षी पहिला स्मार्टफोन घेतला होता आणि बडोद्याच्या आतेभावाबरोबर हा खेळ खेळत होतो. एकदा त्याचे चित्र आले. आधी सोंड, मग सुपासारखे कान, मग मोठे पोट, हातात मोदक, पायाशी उंदीरसुद्धा. आम्ही खालच्या अक्षरांत 'गणपती' शोधत बसलो. अर्ध्या तासाने सौभाग्यवतींनी खांद्यावरून पाहिले आणि म्हणाल्या, "एलिफंट असेल हो. इंग्रजी खेळ आहे तो." शब्द तोच होता. हत्ती काढायला घेतला की बडोद्याच्या माणसाचा हात गणपतीकडे वळतो, आणि हे रेघेरेघेने पाहायला मिळे, यात त्या खेळाची सगळी गंमत होती. त्या आतेभावाशी आमचे बोलणे वर्षातून दोनदा व्हायचे. त्या महिनाभरात ते रोज झाले, एक शब्दही न बोलता.

असे जगभर चालले होते. नऊ-दहा दिवसांत दहा लाख लोकांनी खेळ उतरवून घेतला. सात आठवड्यांत साडेतीन कोटींनी. चित्रांची संख्या शंभर कोटींवर गेली. आमच्यासारख्या यंत्रांशी संबंध असलेल्या माणसाला खरी कमाल वाटते ती पडद्यामागची. न्यूयॉर्कच्या कार्यालयात जेमतेम चाळीस माणसे, त्यांतली सर्व्हर सांभाळणारी अगदी मोजकी. ऐन भरात सेकंदाला तीन हजार चित्रे येत होती आणि प्रत्येक चित्र रेघांसह जपून ठेवून योग्य माणसाला पोचवायचे होते. माहिती साठवण्याची व्यवस्था त्यांनी चालत्या गाडीची चाके बदलावीत तशी बदलली आणि वाढवत नेली. ती माणसे त्या आठवड्यांत धड झोपली नाहीत. दहीहंडीला वरचा गोविंदा सगळ्यांना दिसतो. तळच्या थरातल्यांचे खांदे कोण पाहतो?

आता दुसरी कंपनी. सॅन फ्रान्सिस्कोची झिंगा. मार्क पिंकस यांनी २००७ मध्ये काढली, आपल्या कुत्रीच्या नावावरून नाव दिले. 'फार्मव्हिल' तिचेच. २०१० साली तिने बंगळुरूतही कार्यालय उघडले, आणि आपली मुले तिथे कामाला लागली. डिसेंबर २०११ मध्ये झिंगाचा शेअर १० डॉलरला बाजारात आला. पण तिच्या मिळकतीचा जवळजवळ सगळा ओघ फेसबुकमधून येत होता, म्हणजे बंगला आपला पण जमीन दुसऱ्याची. फेसबुकने उंबरठ्याचा नियम बदलला की इकडे छप्पर गळणार. म्हणून मोबाईलवर स्वतःची जागा करण्याची तिला घाई होती. मोबाईलवर 'वर्ड्स विथ फ्रेंड्स' हा शब्दांचा खेळ तिच्याकडे होता, तोही दुसऱ्या कंपनीसकट विकत घेतलेला. रोजच्या खेळाडूंच्या संख्येत 'ड्रॉ समथिंग'ने त्यालाही बघता बघता मागे टाकले.

२१ मार्च २०१२ रोजी झिंगाने ओएमजीपॉप विकत घेतल्याचे जाहीर केले. किंमत सुमारे १८ कोटी डॉलर, त्या वेळच्या दराने नऊशे कोटी रुपयांच्या घरात. खेळ बाहेर पडून बरोबर सात आठवडे झाले होते. सहा वर्षे आणि पावणेदोन कोटी डॉलर खर्चून जी कंपनी बंद पडायच्या बेतात होती, तिचे पन्नास दिवसांत हे मोल झाले. न्यूयॉर्कमध्ये आनंदीआनंद झाला, आणि तो रास्त होता. विकणाऱ्याने विकले यात आम्हाला काही चूक दिसत नाही. दारात गाडी उभी आहे आणि पेट्रोल संपले आहे अशा माणसाने आणखी काय करायचे?

चाळिसांतल्या एकाने मात्र नव्या मालकाकडे जायला नकार दिला. त्याने फावल्या वेळात स्वतःचा एक छोटा खेळ बनवून प्रसिद्ध केला होता. नव्या करारामुळे त्या खेळावरचा आपला हक्क धोक्यात येतो असे त्याला वाटले. तेवढे कलम बदलून द्या म्हणाला, मिळाले नाही, तर सरळ बाहेर पडला आणि जाहीर लेख लिहून कारण सांगितले. भाच्याला आम्ही हा भाग दोनदा वाचायला लावला. करारातले बारीक अक्षर वाचणारा माणूस सगळ्या देशांत चाळिसांत एकच असतो, असे दिसते.

खरेदीची चूक कुठे झाली हे आमच्या धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो. नदीवर पूल बांधायचा तर आम्ही आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी शोधतो. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतो, देवळाच्या पायरीवरची खूण पाहतो, आणि पूल त्याच्या वर ठेवतो. पण त्याच नदीवर बंधारा बांधून शेताला पाणी द्यायचे असेल तर पुराची पातळी धरून चालत नाही. तेथे पाहायचे की चारांतल्या तीन वर्षांत खात्रीने किती पाणी येते. पुराचे पाणी धरून बंधाऱ्याचा हिशेब केला तर कागदावर अख्खा तालुका भिजतो आणि शेतकऱ्याच्या पाटात बेडूकही राहत नाही. झिंगाने बंधाऱ्याची किंमत पुराच्या पातळीवरून ठरवली. आणि मागच्या वर्षांच्या नोंदी पाहायच्या म्हटल्या तरी त्या नव्हत्याच, नदीला वाहायला लागून सात आठवडे झाले होते.

पूर लगेच ओसरू लागला. एप्रिलच्या सुरुवातीला रोज खेळणारे दीड कोटींच्या आसपास होते. महिन्याभरात ते एक कोटीच्या आसपास आले. कारणे शोधायला फार लांब जायला नको, आम्हीच एक कारण आहोत. मे महिन्यात आमच्या फोनवर सतरा जणांची चित्रे ओळखायची पडून होती. त्यांतले निम्मे कोण होते हेही आठवत नव्हते. शब्द पुन्हा पुन्हा तेच यायला लागले. हरणे नाही, जिंकणे नाही, पुढची पायरी नाही. गंमत होती ती ओळखीच्या माणसाचा हात पाहण्यात, आणि तो हात किती वेळा पाहणार? जो खेळ एकाने दुसऱ्याला बोलावून पसरतो, तो एकाने सोडला की दुसऱ्याच्या हातूनही सुटतो. आतेभावाला आम्ही शेवटचे चित्र पाठवले ते होडीचे होते. त्याने ते ओळखले की नाही, कधी विचारले नाही.

नव्या मालकाने हातपाय हलवले नाहीत असे नाही. नवे शब्द घातले, जाहिरातदारांचेच शब्द चित्र काढायला द्यायचा प्रयोगही केला. तिकडच्या आइस हॉकीच्या लीगने तसे शब्द विकत घेतले. कल्पना हुशारीची होती. पण दमलेल्या माणसाला खेळता खेळता जाहिरातही काढायला लावली तर तो किती दिवस बसेल?

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली, ती केवळ तारखा लावून सांगतो. खरेदीची घोषणा २१ मार्चची. त्याच्या पुढच्या पंधरवड्यात झिंगाच्या वरिष्ठांनी आणि जुन्या गुंतवणूकदारांनी आपल्याकडचे चार कोटींहून अधिक शेअर १२ डॉलर भावाने बाजारात विकले. एकट्या पिंकस यांच्या विक्रीचे सुमारे २० कोटी डॉलर आले. म्हणजे ओएमजीपॉपच्या किमतीपेक्षा जास्त. जुलैअखेर निकाल लागले तेव्हा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास कोसळून तीन डॉलरवर आला. वर्ष संपताना तो अडीच डॉलरच्याही खाली होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये झिंगाने सांगितले की ओएमजीपॉपच्या खरेदीतले साडेआठ ते साडेनऊ कोटी डॉलर आपण हिशेबातून वजा करत आहोत. सात महिन्यांत निम्मी किंमत गेली, आणि तीही कोणी चोरली नाही.

एप्रिल २०१३ मध्ये 'ड्रॉ समथिंग २' आला आणि फारसे कोणाला कळला नाही. त्याच महिन्यात पोर्टर बाहेर पडले. ३ जून २०१३, सोमवार. त्या दिवशी झिंगाने ५२० माणसे कमी केली, एकूण माणसांच्या १८ टक्के. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि डॅलस येथली कार्यालये बंद. न्यूयॉर्क म्हणजे ओएमजीपॉप. खरेदीनंतर साडेचौदा महिन्यांनी. सप्टेंबरअखेर जुने संकेतस्थळही मिटले आणि त्याबरोबर ते 'बलूनो', ते 'ड्रॉ माय थिंग', सहा वर्षांचे सगळे लहान खेळ गेले. त्यांना खेळणारी माणसे शेवटपर्यंत होती. दीड कोटींच्या पुराशी तुलना झाली नसती तर त्या खेळांना कोणी लहान म्हटलेही नसते.

आम्हाला या हकिकतीत सर्वांत जास्त हळहळ याची वाटते. त्या 'ड्रॉ समथिंग'पाठी तीसेक खेळ करून हाताला आलेले वळण होते. ते कारागिरांचे दुकान होते. झिंगाने दुकान घेतले असते तर पुढचा खेळ कधी येतो याची वाट पाहिली असती. तिने विकत घेतली दुकानासमोरची गर्दी. गर्दी पांगल्यावर दुकान तिच्या लेखी मोकळी जागा होती.

इंदुरात राहणाऱ्याला दार बंद होणे म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, आणि कामगारांच्या देण्याचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. अनंत चतुर्दशीच्या रात्री त्या मिलची झांकी अजून निघते आणि आपण लेकरांना खांद्यावर घेऊन ती पाहतो. न्यूयॉर्कच्या मंडळींना बत्तीस वर्षे थांबावे लागले नाही. काढताना पैसेही मिळाले आणि हाताला दुसरी कामेही लागली. दुःखाची बरोबरी आम्ही करत नाही. पण मिल उभी राहायला, चालायला आणि पडायला तीन पिढ्या लागल्या. इथे तो सगळा फेरा सात वर्षांत आटोपला, आणि त्यातला चढ फक्त सात आठवड्यांचा.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ओएमजीपॉपच्या खरेदीनंतर तीन आठवडे होतात न होतात तोच, ९ एप्रिल २०१२ रोजी, फेसबुकने इन्स्टाग्राम नावाची तेराएक माणसांची कंपनी शंभर कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले. तेव्हाही लोकांनी डोक्याला हात लावला होता. ती खरेदी पुढे केवढी ठरली हे आपल्या घरातल्या प्रत्येक सुनेच्या आणि लेकीच्या फोनवर दिसते. तेव्हा गर्दी पाहून पैसे लावणारा प्रत्येक जण मूर्खच असतो असे नाही. इन्स्टाग्रामवर माणूस आपले जुने फोटो ठेवून बसतो, उद्या पुन्हा येतो, कारण त्याचे काहीतरी तिथे आहे. ओळखून झालेल्या चित्रासाठी मात्र कोणी परत येत नाही.

भाच्याने मध्येच विचारले, "मामा, आपल्याकडे असं काही झालं का?" मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ साली 'इंडियागेम्स' काढली तेव्हा साध्या बटणांचे फोन होते. खेळ मोबाईल कंपन्यांमार्फत विकायचे आणि पैशांतला मोठा वाटा त्याच ठेवून घ्यायच्या. पुढे ती कंपनी आधी टॉम ऑनलाइन या चिनी कंपनीच्या, मग यूटीव्हीच्या, शेवटी डिस्नेच्या हाती गेली. तिचा चढ सात आठवड्यांचा नव्हता, बारा-तेरा वर्षांचा होता, आणि मालक बदलत गेले तरी मधल्या काळात मुंबईत खेळ बनवणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. तिच्यावर खरे तर वेगळा लेख व्हायला हवा. संपादकांनी शब्दमर्यादा वाढवली तर पुढच्या वर्षी पाहू.

आता ईसॉपचे. कंपनी विकली जाते तेव्हा पैसा सगळ्यांना एकाच पंक्तीत वाढला जात नाही. साहस भांडवलवाल्यांचे शेअर बहुधा आधी वाढून घेण्याचे असतात. करार तसाच असतो. त्यांचे भागल्यावर उरेल ते संस्थापक आणि कर्मचाऱ्यांत. शिवाय कर्मचाऱ्याचे शेअर एकदम हाती येत नाहीत. सर्वसाधारण प्रथा चार वर्षांची, आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधी सोडले तर काहीच नाही. ओएमजीपॉपची किंमत घातलेल्या भांडवलाच्या दहापट झाली म्हणून सगळ्यांपर्यंत काही ना काही पोचले. तीच कंपनी डिसेंबर २०११ मध्ये विकली गेली असती, तर पहिली पंगत उठल्यावर पातेल्यात काय उरले असते?

फोरमन यांनी पुढे फोटो साठवण्याची 'पिक्चरलाइफ' ही कंपनी काढली. पोर्टर यांनी २०१६ मध्ये शाळाकॉलेजच्या खेळाडूंची चित्रफीत दाखवणारी 'ओव्हरटाइम' स्थापन केली. झिंगा तगली, २०२२ साली तिला टेक-टू या कंपनीने सुमारे १२७० कोटी डॉलरला घेतले.

हे सगळे आम्ही भाच्याला दोन रविवार फोनवर सांगितले. बहीण तिकडून म्हणत होती, "दादा, तू त्याला समजावतोयस की शिकवतोयस?" तिसऱ्या रविवारी त्याचा फोन आला. मुलाखतीला जाऊन आला होता. त्यांनी विचारले, तुम्हाला काही विचारायचे आहे का? याने दोन गोष्टी विचारल्या. पहिली, कंपनी विकली गेली तर आमच्या आधी पंगतीला कोण कोण बसणार? त्याचे उत्तर त्यांनी कागदावर लिहून दिले. दुसरी, तुमच्या खेळाला आज जितके खेळाडू आहेत, त्यांतले दोन महिन्यांपूर्वीही असलेले किती?

तो आकडा काढून कळवतो म्हणाले. हा लेख छापायला जाईपर्यंत कळवलेला नाही.